आठवड्याला एक गोळी : लखनौची प्रयोगशाळा ते जबलपूर विभागातील उपकेंद्र

'छाया' या नावाने सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत दिली जाणारी गर्भनिरोधक गोळी भारतीय शास्त्रज्ञांनी भारतातच शोधून काढलेली आहे. तिच्यात कोणतेही संप्रेरक नाही. सुरुवातीचे तीन महिने ती आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून केवळ एकदा घ्यावी लागते. मात्र या गोळीचा रेणू प्रयोगशाळेत तयार झाल्यापासून ती बाजारात येईपर्यंत सुमारे २४ वर्षे लोटली आणि सरकारी केंद्रांतून ती मोफत मिळू लागेपर्यंत आणखी सुमारे २५ वर्षे गेली. नवे गर्भनिरोधक औषध तयार होण्यास एवढा काळ का लागतो आणि या विलंबाची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा हा आढावा.

जबलपूर विभागातील पेच

मध्य प्रदेशातील जबलपूर हे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्याचा भाग होते. अनेक मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत. शहरापासून नर्मदेच्या काठाने वर जावे, तसे मंडला आणि डिंडोरी हे आदिवासीबहुल जिल्हे लागतात. बालाघाट, सिवनी, छिंदवाडा हे जिल्हेही जबलपूर विभागातच येतात. गोंड आणि बैगा हे येथील प्रमुख आदिवासी समाज होत. त्यांच्या आरोग्याच्या अभ्यासासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८४ मध्ये जबलपूर येथे संशोधन केंद्र सुरू केले. आज ते राष्ट्रीय आदिवासी आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते.

कुटुंब नियोजनाच्या बाबतीत या भागाचा इतिहास विचित्र आहे. भारतात कुटुंब नियोजन म्हणजे प्रामुख्याने स्त्रियांची शस्त्रक्रिया, असे समीकरण गेल्या काही दशकांत रूढ झाले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. गोळ्या वापरणाऱ्या स्त्रिया ५.१ टक्के, तर तांबी बसवून घेतलेल्या २.१ टक्के होत्या. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत स्त्री नसबंदीचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून बरेच अधिक, म्हणजे सुमारे निम्मे आहे.

बैगांच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडले. लोकसंख्या कमी असलेल्या आदिवासी समूहांचे सक्तीच्या नसबंदीपासून रक्षण व्हावे, या हेतूने तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने १९७९ मध्ये एक आदेश काढला आणि बैगांसह अशा समूहांच्या नसबंदीवर निर्बंध घातले. आणीबाणीतील अनुभवाची पार्श्वभूमी पाहता हा हेतू समजण्यासारखा होता. परंतु काळाच्या ओघात या संरक्षणाचा काच होऊ लागला. लागोपाठच्या बाळंतपणांनी थकलेल्या बैगा स्त्रीने स्वतःहून मागणी केली, तरी तिला नकार मिळू लागला. २००० मध्ये वेगळ्या झालेल्या छत्तीसगडमध्ये काही बैगा नागरिकांनी या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. २०१८ मध्ये न्यायालयाने हे निर्बंध रद्द केले.

त्याच छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये नसबंदी शिबिरांत शस्त्रक्रिया झालेल्या किमान १३ स्त्रियांचा मृत्यू झाला होता. एका शिबिरात तर काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना, अशी शिबिरे तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे निर्देश दिले.

एकीकडे शस्त्रक्रियेसाठी रांगेत उभ्या केलेल्या स्त्रिया आणि दुसरीकडे शस्त्रक्रिया नाकारलेल्या स्त्रिया. या दोघींनाही ज्याची गरज होती, ते म्हणजे हवे तेव्हा सुरू करता येईल, हवे तेव्हा थांबवता येईल आणि प्रकृतीला झेपेल असे साधन. पाळणा कायमचा थांबवण्याआधी तो लांबवण्याची सोय त्यांना हवी होती. औषधशास्त्राला या गरजेचे उत्तर शोधण्यास अर्धे शतक लागले.

निरोगी माणसाचे औषध

गर्भनिरोधक आणि अन्य औषधे यांच्यात एक मूलभूत फरक आहे. औषध घेणारी व्यक्ती सामान्यतः आजारी असते. आजार जितका गंभीर, तितके औषधाचे दुष्परिणाम सहन करण्याची रुग्णाची आणि डॉक्टरांची तयारी अधिक असते. गर्भनिरोधक घेणारी स्त्री मात्र निरोगी असते. ती हे औषध दहा-वीस दिवस नव्हे, तर अनेक वर्षे घेणार असते. औषध बंद केल्यावर तिला पूर्ववत गर्भधारणा झाली पाहिजे. औषध घेत असतानाही गर्भ राहिलाच, तर त्या गर्भाला इजा होता कामा नये.

याचा अर्थ असा, की गर्भनिरोधकाच्या बाबतीत केवळ परिणामकारकता सिद्ध करून भागत नाही. दीर्घकालीन सुरक्षितता, प्रजननक्षमता परत येण्याची खात्री आणि पुढच्या पिढीवर परिणाम न होण्याची शाश्वती, या तिन्ही कसोट्यांवर ते उतरावे लागते. गर्भवती स्त्रियांना दिल्या गेलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बालके जन्मतः विकलांग झाल्याचे १९६१ मध्ये उघडकीस आले. त्यानंतर जगभर औषधविषयक कायदे कडक झाले. एवढा काळ आणि पैसा खर्चूनही गर्भनिरोधकातून मिळणारा नफा तुलनेने कमी असतो आणि न्यायालयीन दाव्यांचा धोका मोठा असतो. त्यामुळे बड्या औषध कंपन्या या क्षेत्रापासून हळूहळू दूर गेल्या आणि हे काम मुख्यत्वे सरकारी संस्था, विद्यापीठे व सेवाभावी संघटना यांच्यावर येऊन पडले.

मुंबईतील सुरुवात

भारतात संततिनियमनाचा विचार सामान्य माणसापर्यंत नेण्याचे काम मराठी भूमीतूनच सुरू झाले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले तेही याच वर्षी. १९२७ मध्ये कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ते चालवले. प्राध्यापकाची नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, तरी त्यांनी हे काम सोडले नाही. परंतु त्यांच्या हाती असलेली साधने मर्यादित होती. रबरी टोप्या, निरोध आणि रासायनिक मलमे यांपलीकडे तेव्हाचे विज्ञान गेले नव्हते.

स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा पहिला देश ठरला. १९५४ मध्ये मुंबईत गर्भनिरोधकांच्या चाचणीसाठी एक विभाग स्थापन झाला. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेचे मूळ या छोट्या विभागात आहे.

याच सुमारास अमेरिकेत संप्रेरकांच्या गोळीवर काम सुरू होते. मेक्सिकोत उगवणाऱ्या एका रानटी कंदापासून प्रोजेस्टेरॉन तयार करण्याची पद्धत रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी शोधली होती. १९५१ मध्ये मेक्सिकोतील सिंटेक्स कंपनीत कार्ल जेरासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाने घेता येईल असे कृत्रिम संप्रेरक तयार केले. ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी १९५६ मध्ये प्वेर्तो रिको बेटावर अशा संप्रेरकांच्या गोळीच्या मोठ्या चाचण्या घेतल्या. तेथील अनेक गरीब स्त्रियांना आपण एका प्रयोगात सहभागी आहोत, याची पुरेशी कल्पना देण्यात आली नव्हती. १९६० मध्ये अमेरिकेत ही गोळी गर्भनिरोधक म्हणून मान्य झाली. तिच्यातील संप्रेरकांची मात्रा आजच्या गोळ्यांच्या तुलनेत कितीतरी पटींनी जास्त होती. मळमळ, डोकेदुखी, क्वचित रक्तात गुठळ्या होणे, असे दुष्परिणाम पुढे दिसून आले.

भारतात १९६५ पासून 'लूप' हे गर्भाशयात बसवायचे साधन मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. परंतु अतिरक्तस्रावाच्या तक्रारींकडे लक्ष देणारी यंत्रणा खेड्यापाड्यांत नव्हती. परिणामी लूपविषयी अविश्वास पसरला आणि सरकारचा भर शस्त्रक्रियेकडे वळला. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य पुरुष होते. त्यातून उसळलेल्या संतापानंतर पुरुष नसबंदी जवळजवळ मागे पडली आणि सारा भार स्त्रियांवर आला.

रेणू क्रमांक ६७/२०

लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था म्हणजेच सीडीआरआय १९५१ मध्ये सुरू झाली. गोमती नदीकाठच्या छत्तर मंझिल या जुन्या राजवाड्यात तिच्या प्रयोगशाळा होत्या. साठच्या दशकात येथील रसायनशास्त्रज्ञ डॉ. नित्यानंद आणि त्यांचे सहकारी संप्रेरकरहित गर्भनिरोधकाच्या शोधात होते. संप्रेरक शरीरात अनेक ठिकाणी एकाच वेळी काम करते, म्हणून त्याचे दुष्परिणामही अनेक असतात. संप्रेरकच न देता गर्भाशयापुरते त्याचे काम अडवता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता.

ही कल्पना कुलूप-किल्लीच्या उदाहरणाने समजून घेता येईल. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक म्हणजे किल्ली, तर पेशींमधील इस्ट्रोजेन-ग्राहक म्हणजे कुलूप. किल्ली कुलपात फिरली, की गर्भाशयाच्या आतील अस्तर वाढू लागते आणि गर्भधारणेसाठी सज्ज होते. समजा, त्या कुलपात बसेल, पण नीट फिरणार नाही अशी दुसरी किल्ली तयार केली, तर खऱ्या किल्लीला जागाच उरणार नाही. विशेष म्हणजे हे कुलूप शरीराच्या सर्व भागांत अगदी एकसारखे वागत नाही. त्यामुळे एखादा रेणू गर्भाशयात इस्ट्रोजेनला अडवतो, तर हाडांत त्याच्यासारखेच थोडे कामही करतो. अशा रेणूंना आज 'निवडक इस्ट्रोजेन-ग्राहक नियामक' असे म्हणतात.

लखनौच्या चमूने असे अनेक रेणू तयार करून उंदरांवर तपासले. त्यांतील ६७/२० हा रेणू लक्षवेधी ठरला. यातील पहिला आकडा वर्षाचा आहे : १९६७. रेणूच्या गाभ्यात 'क्रोमॅन' ही रासायनिक रचना आहे. तिला संस्थेच्या इंग्रजी नावातील 'सेंट्रल' या शब्दाची जोड देऊन या औषधाला 'सेंटक्रोमॅन' हे नाव मिळाले. त्याचे आंतरराष्ट्रीय नाव ऑर्मेलॉक्सिफेन असे आहे.

उंदीर आणि स्त्री

प्रयोगशाळेतील यश माणसाच्या शरीरात टिकेलच असे नाही. याचे बोलके उदाहरण याच कुळातील एका औषधाचे आहे. ब्रिटनमधील आयसीआय कंपनीने साठच्या दशकात टॅमॉक्सिफेन हा रेणू गर्भनिरोधक म्हणून विकसित करण्यास घेतला. उंदरांमध्ये तो उत्तम गर्भनिरोधक ठरला. स्त्रियांमध्ये मात्र त्याने उलट बीजोत्सर्गाला चालना दिली, म्हणजे गर्भधारणेची शक्यता वाढवली. गर्भनिरोधक म्हणून तो बाद झाला. पुढे तोच रेणू स्तनांच्या कर्करोगावरील मोठे औषध ठरला आणि त्याने असंख्य स्त्रियांचे प्राण वाचवले.

सेंटक्रोमॅनसमोरही हीच परीक्षा होती. उंदरांनंतर कुत्रे आणि माकडे यांच्यावर त्याचा परिणाम पाहण्यात आला. विषारीपणाच्या चाचण्या झाल्या. प्राण्यांना होणारी पिल्ले निरोगी आहेत का, औषध बंद केल्यावर पुन्हा गर्भधारणा होते का, हे तपासले गेले. त्यानंतर स्वयंसेवी स्त्रियांवर मानवी चाचण्यांचे टप्पे सुरू झाले. पहिल्या टप्प्यात थोड्या व्यक्तींना औषध देऊन त्याची सुरक्षितता पाहतात. दुसऱ्यात योग्य मात्रा ठरवतात. तिसऱ्यात निरनिराळ्या केंद्रांवर मोठ्या संख्येने स्त्रियांना ते देऊन परिणामकारकता मोजतात.

मात्रा ठरवताना या रेणूचा एक गुण उपयोगी पडला. तो शरीरात दीर्घकाळ टिकतो. रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे एक आठवडा लागतो. म्हणूनच ती गोळी रोज घेण्याची गरज नाही. मात्र शरीरात औषधाची पुरेशी पातळी तयार होण्यास वेळ लागत असल्याने पहिले तीन महिने ३० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून दोनदा देण्याचे ठरले.

गर्भनिरोधकाची परिणामकारकता मोजण्याची एक सोपी रीत आहे. शंभर स्त्रियांनी एखादे साधन वर्षभर वापरले, तर त्यांपैकी किती जणींना गर्भ राहतो, ही संख्या मोजायची. सेंटक्रोमॅन नियमितपणे घेतल्यास ही संख्या सुमारे एक ते दोन इतकी आढळली. अशा रीतीने १९६७ मध्ये जन्मलेला हा रेणू १९९१ मध्ये औषधाच्या दुकानात पोहोचला. सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्तान लॅटेक्स कंपनीने तो 'सहेली' या नावाने, तर टोरेंट कंपनीने 'सेंट्रॉन' या नावाने बाजारात आणला. १९९५ मध्ये राष्ट्रीय कुटुंब कल्याण कार्यक्रमात त्याचा समावेश झाला.

गोळी काय करते, काय करत नाही

रोजच्या संप्रेरक गोळ्या, उदाहरणार्थ सरकारी केंद्रांतून मिळणारी 'माला-एन', मुख्यतः बीजोत्सर्ग थांबवतात. सेंटक्रोमॅन सहसा बीजोत्सर्ग थांबवत नाही. फलित बीज गर्भाशयापर्यंत येण्याची वेळ आणि अस्तर तयार होण्याची वेळ यांचा निसर्गतः मेळ असतो. ही गोळी तो मेळ बिघडवते. बीज लवकर पोहोचते आणि अस्तर तयार नसते. त्यामुळे ते रुजत नाही.

संप्रेरक नसल्याने मळमळ, वजन वाढणे, डोकेदुखी अशा तक्रारी सहसा होत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या मातांनाही ती देता येते. गोळी बंद केल्यावर प्रजननक्षमता पूर्ववत होते. आणखी एक बाब आदिवासी भागांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात त्याच्या जोडीला सिकलसेल हा आनुवंशिक आजारही आहे. जबलपूरच्या संस्थेने या आजारावर दीर्घकाळ काम केले आहे. सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभही जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोल येथूनच झाला. तांबीमुळे काही स्त्रियांचा मासिक रक्तस्राव वाढतो. सेंटक्रोमॅनमुळे तो सहसा वाढत नाही, उलट अनेकींच्या बाबतीत कमी होतो. मात्र सिकलसेल किंवा अन्य आजार असलेल्या स्त्रीने कोणते साधन वापरावे, हे डॉक्टरांनी तपासूनच ठरवावे लागते.

या गोळीला मर्यादाही आहेत. काही स्त्रियांची पाळी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, लांबते. हे आधी सांगितलेले नसेल, तर दिवस गेल्याच्या भीतीने ती स्त्री गोळी सोडून देते. बीजकोशात गाठी असणे, नुकतीच कावीळ होऊन गेलेली असणे किंवा यकृताचा आजार, गर्भाशयमुखाच्या पेशींची अनैसर्गिक वाढ, तसेच मूत्रपिंडाचे आजार किंवा क्षयरोग असल्यास ती देत नाहीत. एखादी गोळी राहून गेली, तर आठवण होताच घ्यावी आणि पुढील पाळी येईपर्यंत निरोधचा वापर करावा, असा सल्ला दिला जातो. सात दिवसांहून अधिक खंड पडल्यास नव्याने, म्हणजे आठवड्यातून दोन गोळ्यांपासून सुरुवात करावी लागते. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांपासून ही गोळी संरक्षण देत नाही.

विश्वासाचा प्रश्न

औषध तयार असूनही त्याचा प्रसार संथ का राहिला, याचे एक कारण आधीच्या अनुभवांत आहे. ऐंशीच्या दशकात नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्या देशात सुरू होत्या. आंध्र प्रदेशातील पाटणचेरू येथे स्त्रियांना पुरेशी माहिती न देता चाचणीत सामील करून घेतले जात असल्याचा आक्षेप हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने घेतला. १९८६ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नव्या गर्भनिरोधकांच्या दीर्घकालीन परिणामांविषयी देशभरातील स्त्री संघटनांनी अनेक प्रश्न विचारले. औषध चांगले असो वा नसो, ज्या आरोग्य यंत्रणेत उद्दिष्टाचे आकडे माणसापेक्षा मोठे होतात, तेथे संमती खरी असेल का, हा त्या प्रश्नांचा गाभा होता.

या दबावाचा परिणाम झाला. चाचणीपूर्वी लेखी व समजावून घेतलेली संमती, नैतिकता समितीची मान्यता, इजा झाल्यास भरपाई, या गोष्टी हळूहळू नियमांत आल्या. १९९६ मध्ये केंद्र सरकारने कुटुंब नियोजनातील वरून लादलेली उद्दिष्टे मागे घेतली. संशोधनाचा वेग यामुळे काहीसा मंदावला असेल. परंतु विश्वासाविना दिलेले औषध लूपच्याच वाटेने गेले असते, हेही तितकेच खरे.

२०१६-१७ मध्ये केंद्र सरकारने 'अंतरा' हे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन आणि 'छाया' म्हणजेच सेंटक्रोमॅन यांचा सरकारी केंद्रांतून मोफत मिळणाऱ्या साधनांत समावेश केला. डॉ. नित्यानंद तेव्हा नव्वदी पार केलेले होते. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले होते. २७ जानेवारी २०२४ रोजी वयाच्या ९९ व्या वर्षी लखनौ येथे त्यांचे निधन झाले.

पुरुषांसाठी काय?

गर्भनिरोधकांच्या संशोधनात एक जुनी उणीव आहे. पुरुषांसाठी आजही निरोध आणि नसबंदी हे दोनच प्रचलित पर्याय आहेत. यालाही काही शास्त्रीय कारणे आहेत. स्त्रीच्या शरीरात महिन्याला साधारणतः एका बीजाला रोखायचे असते. पुरुषाच्या शरीरात मात्र रोज कोट्यवधी शुक्रजंतू तयार होतात. तरीही हे एकमेव कारण नाही, हे या संशोधनाला मिळालेल्या निधीवरून आणि प्राधान्यावरून दिसते.

या दिशेने भारतात झालेला मोठा प्रयत्न म्हणजे 'रिसग'. आयआयटी खरगपूरचे प्राध्यापक सुजय गुहा यांनी सत्तरच्या दशकात ही कल्पना मांडली. शुक्रवाहिनीत एका बहुवारिकाचे इंजेक्शन दिले जाते. ते नलिकेच्या आतील बाजूस चिकटून राहते आणि तेथून जाणारे शुक्रजंतू निकामी करते. तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत ३०३ पुरुषांना हे इंजेक्शन देण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गर्भधारणा रोखण्यात ते ९९ टक्के प्रभावी ठरले. कल्पना सुचल्यापासून या निष्कर्षांपर्यंत चार दशकांहून अधिक काळ गेला. इंजेक्शनचा परिणाम पुरुषांमध्ये पुन्हा उलटवता येतो, हे मात्र अद्याप सिद्ध व्हायचे आहे.

परदेशात 'वायसीटी-५२९' या पुरुषांसाठीच्या संप्रेरकरहित गोळीवर काम सुरू आहे. शुक्रजंतू तयार होण्यासाठी 'अ' जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या एका द्रव्याची गरज असते. ते द्रव्य ज्या ग्राहकावर काम करते, त्याला ही गोळी अडवते. म्हणजे येथेही कुलूप-किल्लीचेच तत्त्व आहे. १६ निरोगी पुरुषांवर झालेल्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून, त्यांत सुरक्षिततेच्या गंभीर अडचणी आढळल्या नाहीत. गर्भनिरोधनाची परीक्षा पुढील टप्प्यांत होणार आहे.

शेवटचा टप्पा

औषधाच्या प्रवासाचे टप्पे सांगताना रेणू, प्राणी, मानवी चाचण्या, मान्यता आणि बाजार यांचा उल्लेख होतो. प्रत्यक्षात त्यापुढेही एक टप्पा असतो. तो कोणत्याही प्रयोगशाळेत पार पडत नाही. मंडला किंवा डिंडोरीतील एखाद्या उपकेंद्रात आरोग्यसेविका किंवा आशा कार्यकर्ती एका स्त्रीसमोर बसते, तेव्हा तो सुरू होतो. पाळी लांबू शकते, घाबरू नये, हे तिने समजेल अशा भाषेत सांगावे लागते. आठवड्याचे कोणते दोन वार ठरवायचे, हे त्या स्त्रीच्या बाजारहाटाच्या आणि कामाच्या दिवसांशी जुळवून द्यावे लागते. छायाच्या एका पाकिटात आठ गोळ्या असतात. सुरुवातीला त्या चार आठवडे पुरतात. पाचव्या आठवड्यात उपकेंद्रात साठा नसेल, तर २४ वर्षांचे संशोधन तेथेच थांबते.

सेंटक्रोमॅनचा इतिहास हेच सांगतो, की नव्या रेणूचा शोध हा कामाचा केवळ पहिला भाग आहे. दुसरा भाग सुरक्षिततेच्या कसोटीचा आहे आणि तो घाईने उरकता येत नाही. तिसरा भाग पुरवठ्याचा आणि विश्वासाचा आहे. पहिल्या दोन भागांना भारतीय शास्त्रज्ञांनी आणि चाचण्यांत सहभागी झालेल्या स्त्रियांनी मिळून २४ वर्षे दिली. तिसऱ्या भागाला त्याहूनही अधिक काळ लागला आणि तो अद्याप संपलेला नाही. या काळात ज्यांना पर्याय मिळाला नाही, त्या स्त्रियांनी त्याची किंमत शस्त्रक्रियेच्या टेबलावर किंवा नको असलेल्या बाळंतपणात मोजली.

छत्तीसगडच्या उच्च न्यायालयात गेलेल्या बैगा नागरिकांची मागणी कोणत्याही एका औषधाची वा शस्त्रक्रियेची नव्हती. निर्णय आपला आपल्याला घेऊ द्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आठवड्याला एक गोळी हे त्या मागणीचे एक छोटे उत्तर आहे. ते उत्तर दर आठवड्याला, न चुकता, उपकेंद्रात मिळत राहील याची जबाबदारी आता आरोग्य यंत्रणेवर आहे.